ग्रंथालय-अनुदान, बडोदे संस्थानातील

गायकवाडांच्या बडोदे संस्थानात गावोगावच्या ग्रंथालयांना सरकारातून मिळणारे सशर्त अर्थसाहाय्य. खर्चाचे तीन सारखे वाटे करावेत आणि एक गावाने वर्गणीतून, एक प्रांत पंचायतीने (प्रांत म्हणजे संस्थानातील जिल्हा) व एक संस्थान सरकारने उचलावा, हे त्याचे मूळ सूत्र. नगरांत पंचायतीच्या जागी नगरपालिका असे. वाटा आधी गावाने उभा करायचा, मग उरलेले दोन मागायचे, हा क्रम महत्त्वाचा होता. गावकऱ्यांच्या या वाट्याला गुजरातीत ‘लोकफाळो’ म्हणतात. मराठीत ‘लोकवर्गणी’ किंवा अलीकडच्या शासकीय भाषेत ‘लोकवाटा’ हे शब्द रूढ आहेत.

पार्श्वभूमी शिक्षणाची आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी (१८६३–१९३९) अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक आले नाही तर चार-पाच वर्षांत तो अक्षर विसरतो, ही अडचण लगेच पुढे आली. खेड्यांतल्या ग्रंथालयांची योजना साधारण याच सुमारास आकार घेऊ लागली. १९१० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले गेले. १९१३ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत स्वतंत्र ग्रंथालय खाते, मध्यवर्ती ग्रंथालय व ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांची घडी बसली.

*सूत्राचा उगम.* तीन वाट्यांची कल्पना कोणाची, याविषयी एकमत नाही. पहिले मत ती बॉर्डन यांच्याकडे, पर्यायाने अमेरिकेकडे नेते. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या ग्रंथालयांसाठीच्या देणग्याही सशर्त असत, हे साम्य त्यासाठी पुढे केले जाते. पण ते साम्य वरवरचे आहे. कार्नेगी इमारतीपुरते पैसे देत. वार्षिक खर्चासाठी देणगीच्या सुमारे १० टक्के रक्कम दरवर्षी नगराने कराच्या उत्पन्नातून देण्याची हमी घेतली जाई. वर्गणीवर चालणारे ग्रंथालय टिकत नाही, अशीच त्यामागची समजूत होती. बडोद्यात नेमके उलटे होते. इथे वर्गणी हाच पाया होता आणि चालू खर्चालाही तिची जोड लागे.

दुसरे मत मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) यांच्या ‘मित्रमंडळ’ ग्रंथालयांना श्रेय देते. वसो येथील या शिक्षकाने चरोतरात, म्हणजे मध्य गुजरातच्या खेडा-आणंद भागात, १९०६ पासून मित्रांच्या वर्गणीवर वाचनालये चालवली. बॉर्डन बडोद्यास आले तेव्हा हे काम चार वर्षे चालू होते; पुढे मोतीभाई स्वतः ग्रंथालय खात्यात आले व ग्रामीण ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे राहिले. तिसरे मत याहून मागे जाते. १८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यापासून ब्रिटिश हिंदुस्थानात खाजगी शाळांना स्थानिक पैशाच्या अटीवर अनुदान देण्याची रीत होती, आणि बडोद्याच्या कारभाऱ्यांना ती चांगली ठाऊक होती.

कालक्रम पाहता पहिले मत अपुरे वाटते. गावाने आधी पैसे काढायचे ही सवय चरोतरातली, त्या पैशाला ठरीव प्रमाणात सरकारी जोड देण्याचे तंत्र शाळा-अनुदानातले आणि त्याला खात्याची शिस्त देणारे बॉर्डन, असा मेळ अधिक पटतो. प्रांत पंचायतीचा तिसरा वाटा मात्र खास बडोद्याचा म्हणता येईल. संस्थानात स्थानिक स्वराज्याची रचना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली होती, आणि या नव्या संस्थांना दरसाल नियमित करण्याजोगे एक काम त्यातून मिळाले.

*व्यवहार.* अनुदान गाव, कसबा व प्रांताचे मुख्य ठिकाण अशा दर्जांनुसार असे व प्रत्येक दर्जाला वरची मर्यादा ठरलेली होती. इमारतीसाठीही तीन वाट्यांचेच सूत्र वापरले जाई. ज्या गावाला वर्गणी जमत नसे त्याच्यासाठी फिरती पुस्तकालये होती. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या कुलूपबंद लाकडी पेट्या गावी जात, ठरलेली मुदत तिथे राहत आणि परत येत. ही सोय पूरक म्हणून नोंदली जाते, पण तिचे मोल त्याहून मोठे मानले पाहिजे. लोकवाट्याच्या अटीत एक दोष अंगभूतच असतो: ज्या गावाजवळ थोडे असते त्यालाच आणखी मिळते. तंबाखू पिकवणाऱ्या सुखवस्तू चरोतराला अट जड नव्हती. नवसारी प्रांतातील सोनगड-व्यारा भागातल्या आदिवासी पाड्याला तीच अट दार बंद करण्यासारखी होती. तिथे पुस्तक पोहोचायचे तर पेटीनेच.

अनुदानावर वाढलेल्या ग्रंथालयांना पुस्तके, कपाटे, नोंदवह्या एकत्र खरेदी करता याव्यात म्हणून ‘पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ’ ही सहकारी संस्था निघाली. सहकाराची रुजवण बडोद्यात जुनीच होती. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये शहरात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापली; सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात झाला तो १९०४ मध्ये.

*मराठी अंग.* संस्थानातील मराठी भाषक मुख्यतः शहरात, दरबार, लष्कर व कचेऱ्यांच्या आसऱ्याने राहत. गावची ग्रंथालये साहजिकच गुजराती होती. तरी खात्याच्या कारभारात मराठी माणसे होती. बॉर्डन यांच्यानंतर खात्याची धुरा जे. एस. कुडाळकर यांच्याकडे आली. १९१२ मध्ये सुरू झालेले ‘लायब्ररी मिसलेनी’ हे खात्याशी निगडित नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघे. ग्रंथालयशास्त्राची मराठी परिभाषा घडवण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न. त्याची म्हणावी तशी दखल मराठीत घेतली गेलेली नाही.

*विलीनीकरणानंतर.* १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये हा प्रदेश गुजरातेत गेला आणि २००१ मध्ये गुजरातचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता व वर्गवार अनुदान देण्याची पद्धत आली. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्याने घातलेल्या निधीच्या प्रमाणात जोडनिधी देते, तसेच काही साहाय्य जोडनिधीच्या अटीविनाही देते.

स्वतःच्या वाट्याचे तत्त्व ग्रामोद्योगांच्या अनुदानातही आढळते. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराने प्रकल्पखर्चाचे १० टक्के स्वतः घालायचे असतात, २५ टक्के अनुदान असते व बाकी बँकेचे कर्ज. महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांसाठी हे आकडे अनुक्रमे ५ व ३५ टक्के आहेत. फरक असा की येथे वाटा एकट्या उद्योजकाचा असतो आणि एकदाच भरायचा असतो. अनुदानही तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहून नंतर कर्जखात्यात वळते होते. बडोद्यातील गावाला वर्गणी दरसाल नव्याने गोळा करावी लागे, आणि ज्या साली ती जमली नाही त्या साली उरलेल्या दोन वाट्यांवरचा हक्कही उरत नसे.