दिसते, पण हाताला लागत नाही : फँटसी गेममधल्या दुर्मिळ वस्तूंची पूर्वपीठिका

खजिना दाखवायचा आणि त्याच्यापर्यंतची वाट लपवायची, ही खोड फँटसी व्हिडिओ गेमच्याही आधीची आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला. त्याच्या नियमांत एक गंमत होती. राक्षस मारल्यावर अनुभव-गुण मिळायचेच, पण भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या नाण्यांवरही मिळायचे. पुढच्या काही आवृत्त्यांत तर बहुतेक गुण खजिन्यातूनच येऊ लागले. म्हणजे ड्रॅगनशी दोन हात करण्यापेक्षा तो झोपलेला असताना त्याचं सोनं लांबवणं जास्त शहाणपणाचं. कड्यावर काहीतरी चमकताना दिसलं की आजचा खेळाडू मुख्य क्वेस्ट (कथेतली कामगिरी) वाऱ्यावर सोडून तिकडे वळतो, त्याचं मूळ याच हिशेबात आहे.

‘अवघड’ कशाला म्हणायचं, हे मात्र तेव्हापासून सतत बदलत आलंय. तो बदल जितका डिझाइनरांनी घडवला, तितकाच नियम वाकवणाऱ्या खेळाडूंनीही.

संगणकावरची सुरुवात अक्षरशः गुहेत झाली. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर स्वतः गुहांमध्ये उतरणारा, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या सर्वेक्षणात काम केलेला माणूस. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याने त्या गुहेवर बेतलेला मजकुरी गेम लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ आकाराला आला. पंधरा खजिने, एकूण ३५० गुण. त्यातला पाचू आजही अभ्यासावा असा आहे. त्याच्या खोलीत जाणारी फट इतकी अरुंद की हातात दुसरं काहीही असेल तर अंग आत शिरत नाही. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत प्लॅटिनमचा पिरॅमिड आहे, पण तो पाहायला दिवा हवा आणि दिवा फटीतून जात नाही. मग जादूचा शब्द उच्चारून दिव्यासकट थेट आत पोहोचायचं. परत निघताना पाचू हातात धरून तोच शब्द उच्चारला, तर तुम्ही बाहेर आणि पाचू आतच. एकही उडी न मारता, एकही शत्रू न मारता हे असं कोडं रचलं होतं.

याच गेमने आणखी एक वारसा ठेवला. सगळे खजिने जमवून, शेवटपर्यंत पोहोचूनही खेळाडूंची धाव ३४९ गुणांवर अडकायची. उरलेला एक गुण ‘स्पेलंकर टुडे’ नावाचं मासिक ‘विट्स एंड’ या जागी नेऊन टाकल्यावर मिळे. असं का करावं, याला काहीही कारण नाही. शंभर टक्के पूर्ण करण्याच्या आजच्या वेडाचा मूळपुरुष हा एक गुण.

१९८० च्या सुमारास अटारी २६०० वर ‘ॲडव्हेंचर’ आला. वॉरेन रॉबिनेटने तो एकट्याने लिहिला होता आणि अटारी तेव्हा प्रोग्रॅमरचं नाव कुठेच छापत नसे. रॉबिनेटने त्यावर स्वतःचा उपाय शोधला. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात चारी बाजूंनी बंद अशी एक जागा आहे. तिथे गेममधला पूल वापरूनच शिरता येतं. आत एका पिक्सेलचा, जमिनीच्याच रंगाचा ठिपका पडलेला असतो. तो उचलून ठरावीक खोलीत न्यायचा. तिथे आणखी दोन वस्तू असल्या की भिंत लुकलुकू लागते आणि पलीकडच्या खोलीत लेखकाचं नाव झळकतं. ही गोष्ट उघडकीला आली तेव्हा रॉबिनेट कंपनी सोडून गेला होता. अटारीच्या स्टीव्ह राइटने ती काढून न टाकता अशा लपवलेल्या गोष्टींना ‘ईस्टर एग’ म्हणावं असं सुचवलं. दिसत नाही, सहज पोहोचता येत नाही, हाती लागल्यावर ताकद वाढत नाही, तरीही ज्याच्यासाठी रात्र जागावी अशी वस्तू त्या ठिपक्याच्या रूपाने पहिल्यांदा प्रसिद्ध झाली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत निर्दय पान जपानमध्ये लिहिलं गेलं. १९८४ मध्ये नामकोने मसानोबू एंडोचा ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, आणला. साठ मजल्यांचा मनोरा आणि मजल्यामजल्यावर लपवलेली पेटी. पेटी कशी प्रकटेल याचा इशारा नाही. पहिल्या मजल्यावर तीन हिरवे स्लाइम मारले की भिंत फोडायची तांब्याची कुदळ मिळते. हे सोपं वाटतं, पण पुढच्या अटी नुसत्या तर्काने सुचणं जवळपास अशक्य. शिवाय काही वस्तू हुकल्या तर गेम संपवताच येत नाही. एकट्याने हे सुटणार नव्हतं. आर्केडमध्ये वह्या ठेवल्या जात, त्यांत खेळाडू आपापले शोध लिहून जात आणि पुढचा माणूस ते वाचून आणखी एक मजला चढे. म्हणजे पेटीपर्यंतची वाट गेमच्या आत नव्हतीच, ती खेळणाऱ्यांच्या घोळक्यातून जात होती. गेमभोवती माणसं जमवण्याची ही युक्ती म्हणून मला तो आवडतो. खेळ म्हणून तो छळ आहे.

निन्टेन्डोच्या पहिल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’मध्येही (१९८६) हाच वारा होता. कुठलं झुडूप जाळायचं, कुठल्या भिंतीला बॉम्ब लावायचा, हे पुष्कळदा अंदाजपंचे. अमेरिकेत कंपनीने अडलेल्या खेळाडूंसाठी फोनवर सल्लागार बसवले आणि १९८८ मध्ये ‘निन्टेन्डो पॉवर’ मासिक काढलं. आपणच लपवायचं आणि आपणच सांगायचं, असा हा दुहेरी धंदा.

खरं वळण आलं १९९१ च्या ‘अ लिंक टु द पास्ट’मध्ये. (झेल्डाला आरपीजी, म्हणजे पात्र घडवत खेळायचा गेम, म्हणावं की नाही, हे भांडण इथे नको.) त्यात हृदयाचे २४ तुकडे विखुरले होते आणि चार जमवले की आयुष्याची पट्टी एका हृदयाने वाढे. त्यातले कित्येक लपवलेले नव्हतेच. कड्याच्या कठड्यावर, पाण्यापलीकडे ते राजरोस पडलेले दिसत, फक्त तेव्हा तुमच्याकडे हुकशॉट (साखळीचा आकडा) किंवा हातोडा नसे. ‘मेट्रॉइड’ने १९८६ मध्ये अंतराळाच्या पार्श्वभूमीवर हीच पद्धत रुजवली होती. झेल्डाने तिला फँटसीच्या नकाशावर मोकळं सोडलं. काय करायचं हे आता कळे, पण ते करण्याची ताकद अजून हाती नसे. जागा मनात नोंदवायची आणि दहा तासांनी परत यायचं. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये असे ३६ तुकडे आणि शंभर सोनेरी कोळी होते. शंभरावा कोळी मारल्यावर काय? दोनशे रुपी, म्हणजे गेममधलं चलन. तोवर पैशाचं पाकीट बहुधा आधीच भरलेलं असे.

‘फायनल फँटसी ७’ (१९९७) या बाबतीत वेगळ्याच वाटेने गेला. त्यातलं सगळ्यात ताकदवान समनिंग मटेरिया (मदतीला योद्धे बोलावणारा जादूचा खडा), ‘नाइट्स ऑफ द राउंड’, जगाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, नकाशावर न दाखवलेल्या बेटावर आहे. तिथे विमान उतरत नाही. लागतो तो समुद्र ओलांडणारा सोनेरी चोकोबो, म्हणजे स्वारीचा मोठा पक्षी, आणि तो पैदास करून मिळवावा लागतो. रानातले चोकोबो पकडा, शर्यतींत त्यांचा दर्जा वाढवा, योग्य फळ खाऊ घालून जोड्या लावा, हिरवा-निळा-काळा असे टप्पे पार करा, मग सोनेरी. रुबी वेपन या राक्षसी शत्रूला हरवूनही तो मिळवता येतो, पण त्याला हरवायला जे बळ लागतं ते बहुतेकांना याच बेटावरून आणायचं असतं.

या मालिकेने अतिरेकही केला. दहाव्या भागात (२००१) एका शस्त्रासाठी लागणारी वस्तू मिळवायला वीज सलग दोनशे वेळा चुकवावी लागते. बाराव्या भागात (२००६) झोडियाक स्पिअर हा भाला हवा असेल तर जगभर पसरलेल्या ठरावीक चार पेट्या उघडायच्या नाहीत. कोणत्या चार, हे गेम सांगत नाही. पेटी दिसली की उघडायची हे वीस वर्षं शिकवून मग त्याचीच शिक्षा! ड्रुआगाचं भूत उतरलं नव्हतं. नंतरच्या आवृत्तीत ही अट काढून टाकली गेली, ते बरंच झालं.

पाश्चात्य आरपीजीत तोवर दुसरीच गोष्ट घडत होती. बेथेस्डाच्या ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) लेव्हिटेशनचा मंत्र होता, म्हणजे हवेत चालता येई. टेलव्हानी जादूगारांच्या बुरुजांना जिनेच नव्हते, उडता येत नसेल तर भेटायला येऊ नये असा त्यांचा ताठा. सुरुवातीच्या गावाबाहेर टारहिएल नावाचा जादूगार आकाशातून किंचाळत कोसळतो. त्याच्या अंगावर ‘आयकेरियन फ्लाइट’चे तीन कागद सापडतात. ते वाचले की उडी मारण्याचं कौशल्य सात सेकंदांसाठी हजार गुणांनी वाढतं. उडी अर्धा नकाशा ओलांडते, पण जमिनीवर उतरताना ते सात सेकंद संपलेले असतात. टारहिएलचं नेमकं काय चुकलं ते तिथेच कळतं. उंचीवरची कुठलीही वस्तू या गेममध्ये तत्त्वतः कधीही तुमची होती. प्रश्न फक्त धाडसाचा.

२००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ या पुढच्या भागात लेव्हिटेशन गेलं. शहरं आता तटबंदीआड स्वतंत्र लोड होत, वरून उडून कोणी आत शिरलं तर रिकामा सांगाडाच दिसला असता. कथेत त्याचं समर्थन म्हणून उडण्यावर बंदी घालणारा कायदाच दाखवला. पण खेळाडूंना रंगाचा ब्रश सापडला. हा ब्रश खाली टाकला की पडत नसे, हवेतच तरंगत राही आणि त्यावर उभंही राहता येई. मग काय, ब्रशची पायरी, तिच्यावर दुसरी पायरी, असे लोक भिंतींपलीकडे गेले. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) ती कामगिरी घोड्याने केली. जवळपास उभ्या उतारावर तिरका चढणारा घोडा हा त्या गेमचा अनधिकृत दोरखंड. त्याच गेममधले ‘स्टोन्स ऑफ बॅरेन्झाया’ मात्र उंचीमुळे अवघड नाहीत. २४ खडे घरांत, राजवाड्यांत, गुहांत पसरलेले, आणि एकावरही नकाशाचा मार्कर नाही. एक उचलला की क्वेस्टच्या यादीत नोंद येते आणि ती मिटवण्यासाठी लोक पुन्हा सगळी घरं धुंडाळतात.

ऑनलाइन जगात कंपनी आणि खेळाडूंची हीच रस्सीखेच उघड्यावर चालली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) लोक डोंगरांच्या कडांवरून उड्या मारत, अजून तयार न झालेल्या प्रदेशांत घुसत आणि पॅच (कंपनीच्या दुरुस्त्या) येऊन त्या वाटा बुजवल्या जात. २०१० च्या ‘कॅटक्लिझम’ या विस्तारात जुन्या खंडांवरही उडती वाहनं चालू लागली आणि उंची हा अडथळाच उरला नाही. पुढे २०१४ च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’मध्ये कंपनीने सुरुवातीला उडणं बंद ठेवलं, कड्यांवर खजिने मांडले आणि खेळाडूंचा रोष ओढवून घेतला. ‘गिल्ड वॉर्स २’ने (२०१२) चलाखी केली. चोरून उड्या मारायची हौस ओळखून उड्यांची कोडीच अधिकृतपणे बांधली आणि शेवटी पेटी ठेवली.

दरम्यान वस्तूचं मोल गेमच्या बाहेर ठरायला लागलं. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर अचीव्हमेंट (कामगिरीची पदकं) आणि त्यांच्या गुणांची बेरीज करणारा गेमरस्कोर आले, २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ट्रॉफी. उपयोग शून्य असलेली शंभर पिसं गोळा करायला आता कारण मिळालं, आणि डिझाइनरांना नकाशा भरायचा स्वस्त मार्ग. त्या काळातल्या बऱ्याच गेममध्ये वस्तू अवघड नाहीत, नुसत्या पुष्कळ आहेत. त्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

‘डार्क सोल्स’ने (२०११) नजर पुन्हा कड्याकडे वळवली. खोल खाली कठड्यावर काहीतरी चमकतंय. उडी टाकावी का? प्रिझम स्टोन नावाचा रंगीत खडा टाकून आवाजावरून अंदाज घ्यायचा. शिवाय इतर खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले संदेश वाचायला मिळत. ‘इथे उडी मार’ असं लिहिलेल्या जागी खाली खजिना असे किंवा नुसती दरी. आर्केडमधली वही इथे गेमच्या आत आली होती, आता तिच्यात थापाही होत्या.

झेल्डाच्याच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (२०१७) कड्यांवरचं कुलूपच काढलं. जवळपास कुठल्याही भिंतीवर चढता येतं. अडवतात ते फक्त स्टॅमिनाचं चाक आणि पाऊस. पण वाट सगळ्यांना खुली झाल्यावर वरच्या वस्तूचं काय करायचं? उत्तर म्हणजे कोरोक नावाच्या वनजीवांकडून मिळणाऱ्या ९०० बिया. सामानाच्या पिशव्या पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. तरीही सगळ्या ९०० नेऊन दिल्या तर हेस्टू हे पात्र जे सोनेरी बक्षीस देतो, ते दिसायला सरळ सरळ शेणाच्या गोळ्यासारखं आहे. इतका स्पष्ट निरोप देऊनही लोक ९०० जमवतातच, कारण नकाशावरच्या टक्केवारीत प्रत्येक बी ०.०८ ची भर घालते. मिहोयोच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने (२०२०) चढाई आणि ग्लायडर दोन्ही उचलले, आणि मोंडश्टाटमधल्या ६६ अनेमोक्युलसपैकी (गोळा करायच्या चमकत्या वस्तूंपैकी) काही चक्क हवेत टांगले.

लारियनच्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) खोकी एकावर एक रचून भिंत ओलांडली तर कोणी अडवत नाही. ‘ऑब्लिव्हियन’च्या ब्रशचंच हे राजमान्य रूप. त्याच वर्षीच्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’ या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या पुढच्या भागाने तर त्याहून मजेशीर उडी घेतली. गुहेच्या छतातून आरपार वर निघायची त्यातली ‘असेंड’ ही शक्ती मुळात गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली होती. तपासणी करताना गुहेतून पुन्हा चालत बाहेर यायचा त्यांना कंटाळा येई, आणि ही सोय खेळाडूंनाही आवडेल म्हणून ती गेममध्ये ठेवली गेली. तिला अट एकच, डोक्यावर फार उंच नसलेलं छत हवं. उघड्या सुळक्यावरच्या बीसाठी ती निरुपयोगी आहे. तिथे दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून खेळाडूंनी स्वतःच उडती गाडी बनवली.