तांबं गाळायची जागा वेगळी, तांबं ओतायची जागा वेगळी

भोकरदनकडच्या भाच्यानं मागच्या महिन्यात दोन फोटो पाठवले, एक हिरव्या ठिपक्यांचा काळा दगड आणि एक जाडसर खापराचा तुकडा, आणि खाली लिहिलं, "मामा, आपल्या पांढरीत तांबं गाळायची भट्टी होती!" जुन्या गावठाणाच्या टेकाडावर राख, भाजलेली माती आणि जरासा हिरवा डाग दिसला की आपण सगळेच असं म्हणून मोकळे होतो. पण तांब्याच्या भट्ट्या दोन तऱ्हेच्या असतात आणि वारसा म्हणून दोघींचं मोल वेगवेगळ्या गोष्टीत असतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गुऱ्हाळ डोळ्यासमोर आणा. काहिलीत रस उकळतोय, त्यात भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती काढून टाकायची, आणि शेवटी हाती लागतो गूळ. दगडातून तांबं गाळणं साधारण असंच. बऱ्याच खनिजात तांब्याबरोबर लोखंड आणि गंधक असतं, म्हणून आधी दगड भाजून गंधक उडवायचं, मग कोळसा आणि गारेचा, म्हणजे पांढऱ्या गारगोटीच्या दगडाचा, चुरा घालून भाता मारत राहायचं, की लोखंड गारेला धरून मळी होतं आणि वर तरंगतं, जड तांबं तळाला बसतं. भेंडीचं काम इथं गार करते. या मळीलाच स्लॅग म्हणतात.

आता दुसरी भट्टी. तयार गूळ आणला आणि घरी चिक्कीसाठी पाक केला, तसं मोडीतलं तांबं किंवा लांबून आलेली लगड मुशीत, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीच्या वाटीत, वितळवायची आणि साच्यात ओतायची. ओताऱ्याचं काम हेच. तांबं वितळायला १०८५ अंश लागतातच, त्यामुळं भाता, कोळसा, लाल झालेली माती दोन्हीकडं सारखीच, आणि घोळ तिथंच होतो. फरक बघायचा तो मळीत. गाळायच्या जागी तिचे ढीग असतात, हातात घेतलं तर जड, वरून काकवी ओघळून थिजावी तशा वळ्या. ओतायच्या जागी फार तर मूठभर, बाकी मुशींची खापरं, साच्याचे तुकडे, सांडलेले थेंब.

म्हणजे गाळायच्या जागेचं खरं मोल तिच्या कचऱ्यात आहे! नॉर्वेतल्या रोरोसला १६४४ पासून १९७७ पर्यंत तांब्याचं काम चाललं, तिथले मळीचे डोंगर गावाच्या डोक्यावर आजही राखून ठेवलेत आणि १९८० मध्ये ते गाव जागतिक वारसा झालं. इस्रायलमधल्या तिम्ना खोऱ्यात मळीत अडकलेल्या कोळशावरून कामाचा काळ ठरवता आला, आणि तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या गाढवांच्या शेणावरून कळलं की त्यांना द्राक्षाचा चोथा खायला घालत होते. याच्या उलट वेल्समधलं स्वान्सी, एकोणिसाव्या शतकात तांब्याची राजधानीच, पण तिथले बहुतेक ढीग १९६० नंतर घाण म्हणून उचलले गेले. विषारी जमीन साफ करणं गरजेचं होतं हे मान्य, तरी ढिगाबरोबर हिशोबाची वहीच गेली असं मला वाटतं.

आपल्या मराठवाड्यात असे ढीग का नाहीत? कारण पायाखाली जवळपास सगळा बेसाल्ट, आणि त्यात गाळण्याजोगं तांबं नाही. खनिज राजस्थानात खेत्रीकडं, झारखंडात सिंहभूमला, आपल्या राज्यात बघायचं तर चंद्रपूरकडं. तरीही सातवाहनांची तांब्याची नाणी आपल्याकडं सापडतात, तेर, पैठण, भोकरदन ही भरभराटीची व्यापारी गावं होती. मग तांबं आलं ते वाटेनं, बैलाच्या पाठीवर, आणि म्हणूनच आपल्या ओतायच्या जागेला मी कमी समजत नाही. मुशीला आतून चिकटलेल्या थेंबातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (म्हणजे एकाच धातूचे कमीजास्त वजनाचे अणू, त्यांचं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं) ते तांबं कुठल्या खाणीचं याचा अंदाज बांधता येतो. मोड मिसळून वितळवलं असेल तर गुंता वाढतो, पण तो गुंतासुद्धा व्यापाराचाच पुरावा. अशा जागेला "गाळायची भट्टी" म्हटलं की ही सगळी वाटच पुसली जाते.

राहिला भाच्याचा काळा दगड. तो बेसाल्टच निघाला. बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आणि हिरवी माती भरलेली असते, तिचा तांब्याशी काही संबंध नाही, अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगसुद्धा अशाच हिरव्या मातीचा. मळीतले बुडबुडे बहुतेक रिकामे असतात, ही साधी खूण. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका, तांब्याच्या मळीतही लोखंड असतं आणि लोहाराच्या कीटातही.

खापराचा फोटो मात्र मी मोठा करून करून बघितला. वाटीएवढं तोंड, बाहेरून काचेसारखं वितळलेलं, आत कडेला बाजरीच्या दाण्याएवढा हिरवा थेंब. मला तरी ती मूस वाटते. लगेच फोन लावला, म्हटलं, पांढरीच्या कुठल्या अंगाला सापडलं, किती खोल, शेजारी राख होती का? तो म्हणाला, "मामा, ट्रॅक्टरनं माती शेतात टाकली तेव्हा बांधावर दिसलं, माती कुठून उचलली ते कुणालाच आठवत नाही."