कीस निघतो ते कोरीवकाम, निघत नाही ते उठावकाम

देवाच्या प्रभावळीवरच्या मोरापासून अंगठीवरच्या अक्षरापर्यंत सगळ्याला सरसकट ‘कोरीवकाम’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात आलेल्या गिऱ्हाइकानं म्हटलं तर बिघडत नाही. शिकणाऱ्यानं तसं धरलं, की तो उठावकामाच्या सवयी घेऊन ग्रेव्हर (धातू कोरायचं टोकदार हत्यार) हातात घेतो आणि नक्षीतल्या पहिल्याच पानाच्या शेडिंगची वाट लावतो.

उठावकाम कोल्हापूर-हुपरीकडे नव्यानं सांगायला नको. राळेवर पत्रा बसवायचा, बोथट धारेच्या पंचांनी, म्हणजे ठोकायच्या लोखंडी हत्यारांनी ठोकायचा. धातू दबतो, सरकतो, फुगतो; वजन तेवढंच राहतं. कोरीवकामात ग्रेव्हर धातू कापून बाहेर काढतो, त्याच्या टोकापुढे बारीक कीस वळत येतो. हातोडी वापरली म्हणजे उठावकाम, हा नियम चुकीचा आहे. ग्रेव्हर तळहातानं ढकलता येतो, तसा छोट्या हातोडीनं हाणताही येतो. कीस पाहा, हातोडी नको. (कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्यातली पानं या दोन्हीत बसत नाहीत. ती पातळ पत्र्यावर ठशानं उठवून आत लाख भरलेली असतात. त्यावर ग्रेव्हर खोल लावलात तर थेट लाखेत जाल.)

पत्र्याची जाडी, पकड वगैरे फरक किरकोळ आहेत. सरावाला दीड-दोन मिलिमीटरचा पितळी किंवा माइल्ड स्टीलचा तुकडा घ्या; कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपच्या भंगारात मिळेल. तांबं नको, ते चिकट कापतं. मात्र एक सवय सोडाच: उठावकामात पत्रा तापवून मऊ करतात, कोरण्यासाठी तसं करू नका. मऊ धातूत टोक रुततं आणि रेषेच्या कडा फाटतात.

खरी गफलत होते ती काळोख कुठून येतो यावर. उठावकामात गडद हवं तर जमीन, म्हणजे नक्षीमागची मोकळी जागा खाली दाबतात, त्यावर बारीक दाण्यांचा पंच मारतात, मग ऑक्सिडाइज करून (धातू काळवून) उंच भाग पुसून घेतात. म्हणजे जास्त खोल तितकं जास्त काळं. कोरीवकामात हाच हिशेब लावला की घात होतो.

कारण V आकाराच्या ग्रेव्हरची रेषा जितकी खोल जाते, तितकी रुंदही होते. 120 अंशांच्या टोकानं 0.03 मिलिमीटर खोल गेलात तर रेषा साधारण 0.1 मिलिमीटर रुंद पडते. जोर लावून 0.1 खोल गेलात तर ती 0.35 होते. आता पानाच्या देठाशी रेषा पाव मिलिमीटर अंतरानं मारताय असं धरा. हलक्या हातानं दोन रेषांमध्ये 0.15 मिलिमीटर चकचकीत धातू उरतो, आणि डोळ्याला करडी छटा दिसते ती त्याच उरलेल्या पट्टीमुळे. जोर लावलात तर शेजारच्या रेषा एकमेकींत घुसतात, मधली पट्टी मोडते आणि सावलीच्या जागी खरवडलेला खड्डा उरतो. वर काळं भरून तो झाकणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणून गडद करायला खोली वाढवू नका, अंतर कमी करा: पाव मिलिमीटरवरून 0.15 पर्यंत. प्रत्येक रेषा देठाकडे थोडी जाड सुरू करा आणि मूठ हळूहळू खाली घेत नेत टोक वर येऊ द्या. रेषा केसासारखी होत संपली पाहिजे. मध्येच तुटल्यासारखी संपली तर मूठ झटक्यात खाली गेली असं समजा. शेडिंगच्या रेषा पानाच्या वळणाबरोबर जाव्यात. सरळ कुंपणासारख्या मारल्या की पान चपटंच दिसतं. आडव्या-उभ्या जाळीचं शेडिंग नवशिक्यानं करूच नये; चुकलेली रेषा त्यात लपते आणि हात कधीच सुधारत नाही.

पंच बोथट असला तरी काम निभतं, ग्रेव्हरचं तसं नाही. तोंडाचा कोन 45 अंश आणि हील (टोकाच्या खालच्या बाजूला घासलेला छोटा उतार) 15 अंश ठेवा. हीलची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हवी. लांब झाली की वळणावर बाहेरच्या कडेला घासून चकाकता ओरखडा उठवते. ग्रेव्हर सटकू लागला तर जोर वाढवू नका, दहापट भिंगातून टोक पाहा. बहुतेक वेळा ते तुटलेलं असतं. 90 अंशांचं टोक बारीक रेषेला चांगलं, पण ते लवकर मोडतं. सुरुवातीला सगळं 120 वरच करा.

उठावकामातली चूक मागून ठोकून बरीचशी परत आणता येते. कोरलेली रेषा परत येत नाही. फार तर आजूबाजूचा धातू खरवडून खाली घेता येतो. त्यामुळे एकाच नगावर दोन्ही कामं असतील तर उठाव आधी, पॉलिश त्यानंतर आणि कोरणं सगळ्यात शेवटी. कोरून झालेला नग पॉलिशसाठी बफवाल्याकडे पाठवू नका. 0.03 मिलिमीटरच्या रेषा मोटरच्या बफवर पुसट व्हायला वेळ लागत नाही.