साहित्यातील न्यायालय

कथा, नाटक आणि चित्रपट यांत कायदा बहुधा खटल्याच्या रूपाने येतो. मराठीत ही चौकट प्रामुख्याने नाटकाने घडवली. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) मध्ये आरोपी लखोबा लोखंडे समोर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख नाकारतो. कोर्ट ही तिथे रंगतीची सोय आहे.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (पहिला प्रयोग १९६७) मध्ये मात्र कोर्टच हत्यार बनते. सामंत या गावकऱ्याला कामकाज समजावे म्हणून लुटुपुटीचा खटला उभा राहतो आणि लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. कलम लावतात ३०२. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेत ते खुनाचे होते. गर्भपात आणि भ्रूणहत्येची कलमे ३१२ ते ३१६ होती. पुढे न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्ष देतात. वकिलाला खटकणाऱ्या या चुका नाटकाच्या मात्र पथ्यावर पडतात : कोर्टाची भाषा सर्वांना पाठ, नियमाची चाड कोणालाच नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. खटला मुंबईतला. आरडाओरडा नाही, तारखाच तारखा. वास्तवाच्या जवळ जाणारे चित्रण ते हेच.

इतरत्र ठरलेल्या चुका दिसतात. लाकडी हातोडा आपल्याकडे वापरात नाही. शपथ कायदा १९६९ प्रमाणे ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा पुरते. गीतेवर हात ठेवावा लागत नाही. साक्षीचा क्रम सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या पक्षाच्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध पक्षाच्या वकिलाचे), गरजेप्रमाणे फेरतपास (पुन्हा पहिल्या वकिलाचे) असा असतो. सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न उलटतपासात चालतात, सरतपासात सहसा नाही. पडद्यावर सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालतो. जबाब बहुधा निवेदनरूपात उतरतो, हे लेखकांच्या क्वचितच लक्षात येते. "तुम्ही खोटी साक्ष देताय?" या प्रश्नावर साक्षीदार नुसते "नाही" म्हणतो, कागदावर येते, "मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही."

नागपुरात कथानक ठेवणाऱ्यांना सिव्हिल लाइन्समधील घुमटाच्या इमारतीचा मोह पडतो. ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. तिथे अपिले आणि रिट याचिका मुख्यतः कागदपत्रांवर, इंग्रजीत चालतात. खुनाच्या खटल्यातला पट्टेवाल्याचा पुकारा, पिंजरा आणि फितूर साक्षीदार हवा असेल, तर प्रसंग जिल्हा व सत्र न्यायालयातच घडवावा लागतो.