जीपीएसचा अँटेना उंच लावला की सिग्नल चांगला मिळतो?

जहाजावर जीपीएसची पोझिशन उडायला लागली, म्हणजे स्क्रीनवर इकडेतिकडे उड्या मारू लागली, की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘अँटेना डोलकाठीच्या टोकाला न्या.’ व्हीएचएफसाठी, म्हणजे बोलण्याच्या रेडिओसाठी, हे बरोबर आहे, तिथे उंचीबरोबर पल्ला वाढतो. जीपीएसचे उपग्रह मात्र सुमारे २०,२०० किलोमीटर वर आहेत. तिथे आपल्या दहा-पंधरा मीटरची काय मातब्बरी! अँटेनाला हवं असतं ते चारी बाजूंनी मोकळं आकाश.

उलट उंचीचा तोटाच जास्त. लोळणाच्या अक्षापासून (ज्या रेषेभोवती जहाज डावी-उजवीकडे डुलतं तिच्यापासून) २० मीटर वर लावलेला अँटेना, जहाज १० अंश कललं तर एका बाजूला साडेतीन मीटर सरकतो. नांगरावर उभ्या जहाजाचा वेग आणि दिशा स्क्रीनवर उगाच नाचतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. शिवाय लांब केबलमध्ये सिग्नल क्षीण होतो.

जागा निवडताना रडारचा आणि सॅटकॉमचा (उपग्रहामार्फत संपर्क साधणाऱ्या संचाचा) झोत टाळा. इन्मारसॅट या सॅटकॉम सेवेचं जहाजावरून होणारं प्रक्षेपण १६२६.५ मेगाहर्ट्झपासून पुढे, जीपीएसचा एल-१ हा सिग्नल १५७५.४२ वर, म्हणजे अगदी शेजारी.

आणि जागा बदलण्याआधी कनेक्टर उघडून बघा. आत हिरवट गंज किंवा ओल दिसली तर तोच चोर. अँटेनाला वीज त्याच केबलमधून जाते, म्हणून रिसीव्हरकडून येणारं व्होल्टेज अँटेनाच्या टोकाशी मीटरने मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. नवीन जोडावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळायला विसरू नका, बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात.