रिक्वायरमेंट आणि टास्क प्लॅनिंगची जोडणी

सॉफ्टवेअर प्रोजेक्टमधलं प्रत्येक काम (टास्क) कुठल्या मागणीपोटी (रिक्वायरमेंट) चाललंय आणि प्रत्येक मागणी कुठल्या कामांतून पुरी होणार, हे दोन्हीकडून शोधता येईल अशी नोंद ठेवायची पद्धत. लहान प्रोजेक्टात एक्सेलचा तक्ता पुरतो, मोठ्यात डोअर्स किंवा जिरासारखी टूल्स असतात.

मूळ नक्की कुठलं यावर मतभेद आहेत. बरेच अभ्यासक 1968 च्या गार्मिशच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवरच्या नाटो परिषदेपर्यंत मागं जातात, तिथं संगणकशास्त्रज्ञ ब्रायन रँडेल यांनी डिझाइन कसं घडत गेलं याच्या खुणा सिस्टिममध्येच दिसाव्यात असा विचार मांडला होता. दुसरा पक्ष अमेरिकी संरक्षण खात्याकडं बोट दाखवतो, साधारण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथं मोठं काम फोडून त्याची उतरंड मांडायची पद्धत रुळत होती आणि 1968 मध्येच ती मिल-स्टँडर्ड 881 या लष्करी मानकात आली. पण त्या उतरंडीत जे बनवायचंय ते फोडलेलं असतं, का बनवायचंय ते नसतं, म्हणून तिला पूर्वज म्हणणं जास्त योग्य वाटतं. नीट व्याख्या मात्र 1994 ची, ऑर्लीना गोटेल आणि अँथनी फिन्कलस्टाइन यांची. त्यांनी मागणीचा माग दोन भागांत केला, मागणी कागदावर यायच्या आधीचा आणि नंतरचा, आणि बहुतेक अडचणी आधीच्या भागात असतात असं दाखवलं. टास्कची जोडणी नंतरच्या भागात मोडते, त्यामुळं मागणी मुळात कुणी आणि का केली हे हरवलं असेल तर तक्ता कितीही सुबक असला तरी उपयोग कमीच.

मराठवाड्यातलं एक उदाहरण घेऊ. समजा लातूरकडच्या हमीभाव खरेदी केंद्रासाठी सॉफ्टवेअर करायचंय आणि मागणी आहे, सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांवर असला तर माल घ्यायचा नाही. एवढ्याशा ओळीतून ओलावा भरायची स्क्रीन, माल नाकारल्याचा मेसेज, पावती, रोजचा रिपोर्ट आणि टेस्टिंग अशी किती तरी कामं निघतात. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती मर्यादा 15 टक्के केली आणि जादा ओलाव्याच्या मालाचा खर्च-तोटा राज्यांवर टाकला. जोडणी असेल तर त्या मागणीवरून सगळी कामं लगेच समोर येतात, शिवाय 12 ते 15 मधला माल वेगळा मोजायची नवी मागणी तयार होते आणि तिची कामं प्लॅनमध्ये टाकून तारीख बदलता येते. जोडणी नसेल तर स्क्रीनवर 15 होतं, रिपोर्टात 12 च राहतं आणि केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी ताटकळतो.

स्टँडर्डमध्ये हे बऱ्याच आधीपासून आहे. मागण्या कशा लिहाव्यात याच्या आयईईई 830 या स्टँडर्डमध्ये मागणीचा माग काढता यावा ही अट होती, पुढं 2011 मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 या स्टँडर्डनं त्याची जागा घेतली. वाहनांच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ 26262 मध्येही हा माग लागतो, 2018 च्या आवृत्तीत मोटारसायकलींसाठी वेगळा भाग आला, वाळूजसारख्या दुचाकींच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी तो वाचलाच पाहिजे.

2001 च्या अजाइल (थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीच्या) जाहीरनाम्यानंतर यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते एकदोन ओळींत लिहिलेलं, हीच मागणी आणि तीच प्लॅनिंगचं एकक, असं सर्रास झालं. सोय मोठी, पण स्टोरी बंद झाली की सध्या लागू असलेली मागणी एका जागी कुठं सापडत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

प्रगती मोजताना इथंच फसगत होते. शंभरातली नव्वद टास्क झाली म्हणजे नव्वद टक्के मागण्या पुऱ्या झाल्या असं नसतं, उरलेली दहा टास्क दहा वेगवेगळ्या मागण्यांची असली तर त्या दहाही अर्धवटच. उलट सर्व्हर बदलणं, जुना कोड साफ करणं अशा कामांना थेट मागणी सापडत नाही, ती वेग किंवा सुरक्षेच्या मागणीला जोडतात, नाहीतर कारण लिहून वेगळी ठेवतात.