बॉट समजून बाद झालेली माणसे

ऑनलाइन खेळांच्या संदर्भात ‘बंदी’ हा शब्द निघाला, की आपल्याकडे बहुतेकांना पबजी मोबाइलवरचा २ सप्टेंबर २०२० चा सरकारी आदेश आठवतो. खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी मात्र ‘आयडी बॅन झाली’ हे शब्द असतात, आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे. खेळ चालू असतो, सोबती खेळत असतात, फक्त एका खात्याला दार बंद झालेले असते. हा निर्णय बहुधा संगणकीय प्रणालीने घेतलेला असतो. तो चुकतो तेव्हा नेमके काय घडलेले असते, याचा माग काढायचा तर पंचवीस वर्षांहून थोडे अधिक मागे जावे लागते.

‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) आणि ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) या खेळांनी हजारो लोकांना एकाच काल्पनिक जगात आणले. तेथे नाणी आणि शस्त्रे मिळवायची तर तीच ती कामे तासन्‌तास करावी लागत, आणि मिळवलेला माल खऱ्या पैशांत विकला जाऊ लागला. कंटाळवाणे काम आणि त्याला मिळणारी किंमत एकत्र आल्यावर ते काम प्रोग्रामकडे सोपवणारे निघणारच होते. अशा प्रोग्रामला बॉट म्हणतात. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘रूनस्केप’मध्ये यावर एक गमतीदार उपाय होता. खेळाडू झाडे तोडत असताना अचानक एक सँडविचवाली बाई समोर येई आणि सांगितलेलाच पदार्थ तिच्या ताटातून उचलायला लावी. चुकीचा उचलला तर ती खेळाडूला बेशुद्ध करून भलतीकडे नेऊन टाकी. बॉटला हे जमणार नाही, असा हिशेब होता. पुढे बॉट लिहिणाऱ्यांनी तिची उत्तरेही प्रोग्राममध्ये घातली आणि खोळंबा उरला तो प्रामाणिक खेळाडूंचाच.

दुसरा मार्ग खेळाडूच्या संगणकातच डोकावण्याचा होता. पंकबस्टर, व्हॉल्व्ह कंपनीचे २००२ मधले व्हॅक आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले वॉर्डन या प्रणाली संगणकाच्या मेमरीत लबाडीच्या ज्ञात प्रोग्रामच्या खुणा शोधत. वॉर्डन उघड्या असलेल्या इतर खिडक्यांची शीर्षकेही वाचतो, हे सुरक्षातज्ज्ञ ग्रेग हॉगलंड यांनी २००५ मध्ये दाखवून दिल्यावर खासगीपणाचा वाद पेटला. मात्र या पद्धतीतली मूळ उणीव वेगळीच होती. खूण सापडली एवढेच प्रणालीला कळते. ती तेथे कशी आली, हे कळत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये लिनक्सवर सेडेगा या सॉफ्टवेअरच्या आधाराने वॉरक्राफ्ट खेळणाऱ्यांची खाती बंद झाली, ती वेगळ्या यंत्रणेवर खेळण्याची खूण लबाडीची समजली गेल्यामुळे. चौकशीनंतर ती परत मिळाली. मार्च २००८ मध्ये तर काही खोडसाळांनी गर्दीच्या आयआरसी गप्पागटांत लबाडीच्या प्रोग्राममधले मजकुराचे तुकडे नुसते टाकले. ते तुकडे गप्पा वाचणाऱ्यांच्या मेमरीत जाऊन बसले, पंकबस्टरला दिसले, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांच्यावर बंदी आली.

सर्वांत बोलका प्रसंग मात्र जुलै २०१० चा आहे. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळातील सुमारे १२,००० जणांवर दोन आठवड्यांत व्हॅकची बंदी आली आणि ते सगळे निर्दोष निघाले. डिस्कवरची फाइल आणि मेमरीत चढलेली तिची प्रत जुळते का, हे प्रणाली तपासत असे. न जुळल्यास कोणीतरी फाइलमध्ये ढवळाढवळ केली, असा निष्कर्ष निघे. यावेळी ती ढवळाढवळ खेळ पुरवणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्याच स्टीम या सॉफ्टवेअरने केली होती: डिस्कवरील फाइल अद्ययावत होत असताना मेमरीत जुनी प्रत राहिली होती. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बंदी उठवली आणि प्रत्येकाला ‘लेफ्ट ४ डेड २’ या खेळाची एक प्रत स्वतःसाठी व एक मित्राला देण्यासाठी दिली.

तिसरी पद्धत वागणुकीवरून ओळखण्याची. तैवानमधील संशोधकांनी २००६ मध्ये ‘रॅग्नारोक ऑनलाइन’चा अभ्यास करून दाखवले, की बॉट आणि माणूस यांनी सर्व्हरकडे पाठवलेल्या संदेशांच्या वेळांमध्येच फरक सापडतो, बॉटची लय अधिक नियमित असते. हे तत्त्व खरे आहे, पण ज्या खेळात सहा तास एकाच खडकावर क्लिक करणे हाच प्रगतीचा मार्ग आहे, तेथे चिकाटीचा माणूसही यंत्रासारखाच दिसू लागतो. त्यात आकड्यांचा पेच वेगळाच. समजा, १० लाख खेळाडूंत १० हजार बॉट आहेत आणि पारख ९९ टक्के अचूक आहे. तर ९,९०० बॉट पकडले जातील. पण उरलेल्या ९ लाख ९० हजार माणसांपैकी एक टक्का म्हणजे आणखी ९,९०० जण त्यांच्याबरोबर जातील. सुक्याबरोबर ओले जळते ते असे, आणि तेही निम्म्यास निम्मे.

एवढे असूनही दाद मागणे अवघड राहिले, याचे कारण पकडण्याच्या तंत्रातच आहे. कोणती खूण सापडली हे सांगितले, की बॉट लिहिणारा तीच खूण पुसून टाकतो. म्हणून कारण गुप्त ठेवले जाते आणि बंदीही मुद्दाम उशिरा, अनेकांवर एकदम घातली जाते. व्हॅकची बंदी कायमची असून ग्राहक-सेवेला ती उठवता येत नाही, असे व्हॉल्व्हचे धोरण सांगते. चूक झालेली असल्यास ती उठते, पण प्रणालीला ती चूक आधी कळावी लागते. माझ्या मते या इतिहासातली खरी अडचण येथे आहे. वर आलेल्या लिनक्सच्या आणि २०१० च्या चुका दुरुस्त झाल्या, त्या पुष्कळ जण एकाच वेळी, एकाच कारणाने अडकल्यामुळे. हजारो तक्रारींतून समान धागा दिसतो. एकट्याची तक्रार मात्र पकडल्या गेलेल्या प्रत्येक लबाडाच्या तक्रारीसारखीच वाचली जाते, कारण ‘मी काही केले नाही’ हे दोघेही सारखेच म्हणतात.

ऑक्टोबर २०२३ मध्येही हेच झाले. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमधील, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, ‘अँटी-लॅग प्लस’ ही सोय खेळाच्या फाइलमधील काही क्रियांना वाटेत अडवून आपले काम करत असे. लबाडीचे प्रोग्रामही असेच करतात, त्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये ती सोय वापरणाऱ्यांवर बंदी आली. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि व्हॉल्व्हने बाधितांवरील बंदी उठवली.

त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या रिकोशे या प्रणालीतील एक पळवाट बंद केल्याचे आणि तिच्यामुळे बाधित झालेली ‘थोडीशी’ खरी खाती परत दिल्याचे ॲक्टिव्हिजनने जाहीर केले. ती पळवाट आपण वापरली असे सांगणाऱ्या हॅकरचा दावा हजारो खात्यांचा होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने केले एवढेच, की खेळाडूंना खेळातूनच एक संदेश पाठवला. त्यात ‘ट्रिगर बॉट’ हे दोन शब्द होते, आणि रिकोशे मेमरीत तेच शब्द शोधत होती.